अर्धा राहिलेला राग

“दादा, तुला शेवटचा राग कधी आला होता?”

प्रचितीनं बेंबीच्या देठापासून ओरडून विचारलं. ओरडण्यावाचून इलाज नव्हता, कारण कारखान्यात वडिलांचे, म्हणजे अप्पांचे, जुने माग खडखडत होते. इचलकरंजीत बिनआवाजाचे माग येऊन आता बरीच वर्षं झाली होती, पण अप्पांचं म्हणणं, ज्याचा आवाज नाही तो माग कसला? त्यामुळे मगदूमांच्या घरातली माणसं अजूनही मीठ मागायचं असलं तरी आग लागल्यासारखी ओरडायची.

दादा, म्हणजे भरतेश मगदूम, तुटलेला धागा सांधत होता. त्यानं गाठ मारली, माग चालू केला, दोन पावलं मागं सरकला आणि खरोखरच आठवायला लागला. प्रचितीच्या मनगटावरच्या फोनमधून तिच्या वर्गातल्या मैत्रिणी जुई आणि तस्कीन सगळं ऐकत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. आदल्या दिवशी प्रचितीच्या हातून दादाचा नवाकोरा फोन पाण्याच्या टाकीत पडला, तर दादा म्हणाला, “राहू दे, वाळंल.” हे ऐकून जुईचा विश्वासच बसेना. तिच्या भावाच्या उशीला हात लावला तरी तो घर डोक्यावर घेतो. “तुझा दादा माणूस आहे का गं?” ती म्हणाली. “चिडवून दाखव त्याला. ते जमत नसेल तर निदान विचारून तरी दाखव!”

“आठवत नाही गं, पिंटे,” दादा शेवटी हसून म्हणाला. “का? कुणाला पाहिजे होता?”

फोनमधून फस्सकन हसण्याचा आवाज आला. प्रचितीही हसली. पैज जिंकली होती, आणि तशीही हल्ली ती सगळंच जिंकत होती. नववीपर्यंत वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज बसायचा. यंदा अकरावीत तिनं चक्क जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल आणली होती. त्याला कारणही दादाच. गच्चीवर उभं करून तो तिला शिकवायचा, “घशातनं नको, पोटातनं बोल. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जायला पाहिजे.” हे सगळं त्याला कुठून येतं, असा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जुईनं दादाची नक्कल करून अख्खा वर्ग हसवला. “कुणाला पाहिजे होता?” डोळे अर्धे मिटून ती म्हणायची, की सगळे लोळायचे. तस्कीन मात्र हसली नाही.

“माझे अब्बा म्हणतात,” ती हळूच म्हणाली, “तुझा दादा बोलायला लागला की मैदान उभं राहायचं.”

“कसलं मैदान?”

“कुस्तीचं. तुला माहीत नाही?”

माहीत होतं. म्हणजे, लहानपणी कधीतरी दादा माईकवर काहीतरी ओरडतोय, असं तिला पुसटसं आठवत होतं. पण ते मणी बसायच्या आधीचं. आणि मण्याच्या आधीच्या दादाचा विषय घरात कुणी काढायचा नाही, असं न ठरवताच ठरलं होतं.

मण्याची गोष्ट अशी.

दादा एकवीस वर्षांचा असताना रक्तदान शिबिरात गेला आणि रक्त न देताच परत आला. तिथल्या डॉक्टरांनी दोनदा, तीनदा दाब मोजला आणि म्हणाले, तुमचं रक्त राहू दे, आधी तुम्हाला बघू. इतक्या लहान वयात उच्च रक्तदाब! गोळ्या लिहून दिल्या. दादानं महिनाभर घेतल्या आणि सोडल्या. “मला काय धाड भरलीय?” तो दंड फुगवून म्हणायचा. या रोगाची सगळी लबाडी तिथंच आहे. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही, खोकला नाही. चाळिशीतला माणूस घाबरून गोळी घेतो. विशीतल्याला वाटतं, दाब मोजायचं यंत्रच बिघडलंय.

मग एका मैदानात, ऐन रंगात आलेल्या कुस्तीत, माईकवर बोलता बोलता दादाला समोरचे दोन पैलवान चार दिसायला लागले आणि मग एकही दिसेना. लोकांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. वरचा आकडा दोनशेच्या पार गेला होता. “अजून थोडं असतं तर मेंदूतली नस गेली असती,” डॉक्टर हुक्केरी म्हणाल्या. आई तिथंच खाली बसली.

डॉक्टर हुक्केरींनीच मग मण्याचं सुचवलं. त्या वेळी तो नवा होता. आता गल्लीगल्लीत कुणाच्या ना कुणाच्या मानेत असतो. समजावून सांगताना डॉक्टरांनी अप्पांना त्यांच्याच भाषेत सांगितलं, ते प्रचितीला पाठ होतं, कारण अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच ऐकवायचे.

“आपल्या मानेत दोन्ही बाजूंना मोठ्या धमनीला जिथं दोन फाटे फुटतात, तिथं तिच्या भिंतीत राखणदार बसलेत. मज्जातंतूंची टोकं म्हणजे. दाब वाढला की भिंत ताणते, ते मेंदूला निरोप धाडतात, आणि मेंदू हृदयाला म्हणतो, जरा सबुरीनं. नळ्या सैल पडतात, दाब उतरतो. पण दाब महिनोन्‌महिने चढाच राहिला, तर राखणदारांना त्याची सवय होते. तुमच्या घरी पाहुणा आला की कानात बोटं घालतो, आणि तुम्ही? माग बंद पडला की तुम्हाला जाग येते! तसंच. चढा दाब हाच बरोबर दाब, असं ते समजून चालतात. मणी काय करतो? तीळभर तर आहे. प्रत्येक ठोक्याचा दाब मोजतो आणि चढला की त्या राखणदारांना हळूच गुदगुल्या करतो. ‘उठा, निरोप धाडा.’ बास. त्याला लागणारी वीजसुद्धा धमनीच्या धडधडीतूनच मिळते.”

दाब फार उतरला तर माणूस भोवळ येऊन पडेल, म्हणून मणी आपणहून एका मर्यादेपलीकडे जोर लावत नसे. मात्र कधी एकदम भडका उडालाच, तर घरच्या माणसाच्या फोनवर एक चावी होती. आकडा लाल झाला, डोकं फुटायला आलं, दिसेनासं झालं, की चावी एक-दोन घरं पुढं सरकवायची. अर्धा तास मणी जास्त जोर लावतो, तेवढ्यात दवाखाना गाठायचा. दादावर तर कुणाचाच भरवसा नव्हता. तेव्हा चावी आईच्या फोनवर बसली.

पहिल्यांदा आईनं ती फिरवली तेव्हा दादाचं डोकं खरंच दुखत होतं. दुसऱ्यांदा फिरवली तेव्हा दादा आणि अप्पा यांची सुतावरून जुंपली होती आणि आकडा लाल झाला होता. आईनं घाबरून चावी सरकवली. आणि काय आश्चर्य! दादाचा चढलेला आवाज उतरला, पापण्या जडावल्या, तो पाटावर बसला आणि गुमान जेवला.

आता इथं या घराची एक रीत सांगायला हवी. मगदूमांकडे दिवस मावळायच्या आत जेवतात. सूर्य बुडाला की चूल बंद, ताट बंद, दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आणि कारखान्यातून बापलेक घरी येणार ते पाचनंतर, दिवसभराचं भांडण घेऊन. म्हणजे भांडणाची वेळ आणि जेवणाची वेळ एकच. मण्याच्या आधी दादा कितीदा तरी ताट ढकलून उठायचा आणि रात्रभर उपाशी झोपायचा. आई मग खिडकीत उभी राहून बुडालेल्या सूर्याकडे असं बघायची, जसं काही त्यानंच पोराच्या तोंडचा घास काढून घेतलाय. म्हणून तिनं चावी फिरवली. भांडण मिटावं म्हणून नव्हे. पोरगं जेवावं म्हणून.

मग ती सवयच झाली. आवाज चढला, फिरव चावी. आईचे हात गुंतलेले असले तर तिच्या फोनवरून अप्पा. अप्पा नसतील तर प्रचिती. टीव्हीचा आवाज कमी करावा इतकं सोपं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, “भरतेश किती सुधारला गं!” आई खुशीत वाटीभर चटणी जास्त बांधून द्यायची.

तस्कीनच्या अब्बांनी जुन्या फोनमधली एक ध्वनिफीत शोधून पाठवली. शाळा सुटल्यावर तिघी मैदानाच्या कट्ट्यावर बसल्या आणि तस्कीननं ती लावली. आधी नुसती हलगी. मग एक आवाज. असा, की शेजारून जाणारी सायकल थांबली.

“आलाय! आलाय! कृष्णाकाठचा ढाण्या वाघ आलाय! आरं हलगीवाल्या, झोपलास काय? वाजीव की! ही माती हाय माती, हितं खोटं चालत न्हाई! घेतला पट... गेला! गेला! न्हाई गेला! आरं, मानगूट बघा, मानगूट! म्हातारं, बस खाली, मागच्याला दिसंना! धरला... धरला... धरलाऽऽ!”

आणि हजारो माणसांचा गजर.

जुईच्या हातावर काटा आला होता. तो तिनं प्रचितीला दाखवला. “हा तुझा दादा?”

प्रचितीला बोलता येईना. जिल्ह्याची ढाल आणणाऱ्या मुलीला! तो आवाज कानातून आत गेला आणि थेट एका संध्याकाळवर जाऊन आदळला.

ती तेव्हा बारा वर्षांची होती. मैदानाच्या कमिटीची माणसं फेटे बांधून घरी आली होती, नारळ घेऊन. दिवाळीनंतरच्या सगळ्या मैदानांचं निवेदन भरतेशनं करावं, असं त्यांचं म्हणणं. नदीकाठची सगळी गावं. “पोरगं बरं झालंय न्हवं आता? मणी बसलाय, मग काय भ्या न्हाई!” अप्पांनी चहा पाजला आणि “कळवतो” म्हणून वाटेला लावलं.

जेवताना दादा म्हणाला, “अप्पा, मी जाणार.”

“आणि माग कोण बघणार? तुझा माईक?”

“आज बोलू द्या मला.”

“रोज बोलतोसच की. जेव आधी.”

दादा ताट सारून उभा राहिला. “अप्पा, एकदा ऐकून घ्या! मी त्या मागावर उभा राहतो तेव्हा मला...”

आईचे दोन्ही हात पिठात होते. तव्यावर भाकरी, खिडकीच्या कडेला टेकलेला लालभडक सूर्य. “अगं पिंटे, चावी! चावी फिरव! उपाशी राहील पोरगं!”

प्रचिती धावली. तिनं अंगठ्यानं चावी सरकवली ती शेवटच्या घरापर्यंत. दादाचं बोट मानेकडे गेलं. तोंड उघडंच राहिलं. मग मिटलं. तो खाली बसला. “बरं,” तो म्हणाला, “राहू दे.” आणि त्यानं दोन भाकरी खाल्ल्या. आईनं पदरानं डोळे पुसले आणि प्रचितीच्या केसांवरून पिठाचा हात फिरवला. “शाणी गं माझी बाय!”

किती अभिमान वाटला होता तिला. दादाला वाचवलं! कमिटीला दुसऱ्या दिवशी नकार गेला. त्यानंतरच्या साली कुणी विचारायला आलं नाही.

ध्वनिफीत ऐकली त्याच आठवड्यात शाळेत आरोग्य-खुर्ची आली. दिसायला न्हाव्याच्या खुर्चीसारखी. बसलं की उंची, वजन, डोळे, दाब, सगळं आपोआप मोजलं जायचं. मुलं रांगेत ढकलाढकली करत होती. प्रचिती थाटात बसली आणि खुर्चीनं तिला उठूच दिलं नाही. “कृपया पाच मिनिटं शांत बसा,” बाईच्या आवाजात ती म्हणाली. पुन्हा मोजलं. पुन्हा, “कृपया शांत बसा.”

“खुर्चीला कळलं, तुला शांत बसता येत नाही ते!” जुई ओरडली. सगळे हसले. प्रचितीही हसली, पण जरा उशिरा.

आठ-दहा दिवस वेगवेगळ्या वेळी मोजूनही आकडा चढाच निघाला. फार नाही, पण चढा. आई तिला घेऊन डॉक्टर हुक्केरींकडे गेली तेव्हा वाटेतच तिचा निर्णय झाला होता. रिक्षात ती म्हणाली, “मणी बसवून टाकू. दादाला बघ किती छान लागू पडला. चावी माझ्याकडे आहेच.”

चावी माझ्याकडे आहेच. प्रचितीचा हात आपोआप मानेवर गेला.

डॉक्टर हुक्केरींचे केस आता पांढरे झाले होते, पण बोलणं तसंच. “घरात आहे ते, त्यामुळे लक्ष ठेवायला हवंच. पण एवढ्यात मणी कशाला? आधी मीठ कमी. पापड-लोणच्याला रामराम. रोज घाम येईपर्यंत चालणं, झोप पुरेशी, कानात कापूस घातल्याशिवाय कारखान्यात पाय ठेवायचा नाही. तीन महिने रोज दाब मोजायचा. नाही उतरला तर गोळी, आणि गोळी म्हणजे रोज गोळी, दादासारखं नाही. ते सगळं करूनही हाताबाहेर गेलं, तर मणी आहेच की. मणी वाईट नाही. तुझा दादा त्याच्यामुळेच जिवंत आहे.”

“पण चावी बरी पडते हो घरात,” आई म्हणाली.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. “बरी पडते म्हणजे? किती वेळा लागली तुम्हाला?”

“लागेल तशी.”

“लागेल तशी म्हणजे कशी? डोकं दुखतं त्याचं? डोळ्यांपुढं अंधारी येते?”

“न्हाई... तसं न्हाई.” आईनं पदर सारखा केला. “आवाज चढला की.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“वहिनी,” डॉक्टर फार हळू म्हणाल्या, “आवाज चढला की सगळ्यांचाच दाब वाढतो, थोडा वेळ. माझाही वाढतो. तो उतरतो आपला आपण. चावी त्यासाठी नव्हती.”

“मग काय बिघडतं त्यानं?” हे प्रचितीनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

“मणी त्याच्या नेहमीच्या चालीत असला तर काही बिघडत नाही. राग येतो, हसू येतं, सगळं येतं. पण वरून चावी लावली की मेंदूकडं इतका जोराचा निरोप जातो, की सगळं अंगच निजायला बघतं. एकदा ठीक आहे. पण दरवेळी राग आला की गुंगी, राग आला की गुंगी... शरीर शहाणं असतं बाळ. ते शिकतं. मग ते रागाच्या वाटेला जातच नाही.”

“चावी बंद केली तर राग परत येईल?”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “येईलही. नाहीही. आम्ही कुणी तपासलेलंच नाही. घरची माणसं चावीचा असा उपयोग करतील, हे आम्हाला सुचायलाच हवं होतं. नाही सुचलं.”

घरी जाताना आई रिक्षातून बाहेर बघत राहिली आणि मधेच एवढंच म्हणाली, “जेवायचा गं तो. चार घास पोटात जायचे.”

रविवारी दुपारी माग बंद असतात. दादा एकटाच कारखान्यात तेलपाणी करत होता. प्रचिती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि तिनं ती ध्वनिफीत लावली. बंद मागांमधून हलगी घुमली. मग तो आवाज.

दादा तेलाची बुधली हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, “चांगला बोलायचा पोरगा.”

दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं. प्रचितीला वाटलं, आता आपण इथंच फुटणार.

“दादा, ती पैज नव्हे आता. मला खरंच सांग. शेवटचा राग कधी आला होता?”

या वेळी त्यानं आठवायला वेळ घेतला नाही. “त्या दिवशी. कमिटीची माणसं आलेली. पण तो अर्धाच आला. उरलेला यायचा राहिला.”

“ती चावी...” तिचा आवाज पुन्हा नववीतल्यासारखा बसला. “ती मी...”

“माहीत आहे की. आईचे हात पिठात होते.”

“तुला कळायचं?”

“दरवेळी कळायचं. मानेत मुंगी चालल्यासारखं व्हायचं. मग वाटायचं, जाऊ दे. सगळंच जाऊ दे वाटायचं.”

“मग सांगितलं का नाहीस? ओरडायचंस की आमच्यावर! फेकून द्यायचास तो फोन! मला दोन थोबाडीत द्यायच्यास!”

दादा तिच्याकडे बघून हसला. तेच ते गोड हसू. सगळी गल्ली त्याचं कौतुक करायची.

“ओरडायला आधी राग यायला लागतो ना, पिंटे.”

ती रडली. हुंदके देऊन, आवाज काढून, बंद मागांच्या मधोमध. तो तिच्या पाठीवरून तेलकट हात फिरवत राहिला. त्यानं रागवावं, एकदा, फक्त एकदा, म्हणून ती रडत होती, आणि तो तिची समजूत काढत होता. माईक पुन्हा आणता आला असता. कमिटीची माणसं शोधता आली असती. पण हातात माईक दिला तर हा माणूस म्हणेल, “बरं. राहू दे.”

सोमवारी तिनं शाळेला दांडी मारली आणि दादाला घेऊन दवाखान्यात गेली. तो “बरं” म्हणून आला. डॉक्टर हुक्केरींनी त्यालाच विचारलं, “तुमची चावी तुम्हाला हवी का?” दादाचं बोट मानेवर, मण्याच्या जागी गेलं. प्रचितीनं ओठ चावून धरले होते. ती जर बोलली असती, तर पुन्हा तिनंच चावी फिरवल्यासारखं झालं असतं.

“हवी,” दादा म्हणाला.

इतका छोटा शब्द. पण त्या घरात कितीतरी वर्षांनी त्याला काहीतरी हवं होतं.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. आमटी, भाकरी, दही. खिडकीत सूर्य कलला होता. प्रचितीच्या ताटात मीठ नव्हतं आणि तिनं ते मागितलंही नाही. अप्पा भाकरी मोडत म्हणाले, “भरतेश, पुढच्या महिन्यापासनं रात्रपाळी पण तूच बघ. माणसं मिळंनात.”

“बरं,” दादा म्हणाला.

प्रचितीनं हातातला घास ताटात ठेवला.

“अप्पा, आई, मला काहीतरी सांगायचंय.”

“जेवून सांग,” अप्पा म्हणाले.

“नाही. जेवून या घरात कधीच काही सांगून होत नाही.” ती उभी राहिली. पोटातनं बोल. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला. “मी आता मणी बसवणार नाही. मीठ बंद, सकाळी चालायला जाईन, तुमच्यासमोर दाब मोजीन. डॉक्टर म्हणाल्या तर गोळी घेईन, मरेपर्यंत रोज घेईन, मला काय धाड भरलीय म्हणणार नाही. आणि उद्या मणी लागलाच, तर बसवीन. पण चावी माझ्याकडे राहील.”

“हे काय नवीन?” अप्पांचा आवाज चढला. “कुणी शिकवलं तुला?”

“दादानं. बोलायला त्यानंच शिकवलं.”

“आवाज खाली कर! तुझा दाब...”

“वाढू दे थोडा! उतरतो तो आपला आपण!”

आईचा हात सवयीनं फोनकडे गेला. पडद्यावर चावीची जागा मोकळी होती. तिनं अंगठा तिथं तसाच ठेवला, आणि मग पोराकडे बघितलं. “भरतेशची चावी कुठाय?”

“माझ्याकडं,” दादा म्हणाला. त्याचा हात आमटीच्या वाटीवर थांबला होता. मानेवर, मण्याच्या जागी, एक शीर उडत होती. राग होता की नुसताच ठोका, ते प्रचितीला कळेना. कदाचित त्यालाही कळत नव्हतं.

आईनं खिडकीकडे पाहिलं. सूर्याची कड पलीकडच्या छपराला टेकली होती. “बाळांनो, नंतर भांडा रे. दिवस बुडतोय. आधी चार घास खाऊन घ्या, पाया पडते.”

प्रचितीला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पिठानं माखलेले ते दोन हात तिला आठवले. पण ती जागची हलली नाही.

“बुडू दे, आई. मी आज जेवत नाही. चार वर्षांपूर्वी दादा याच जागी उभा राहून म्हणाला होता, मी त्या मागावर उभा राहतो तेव्हा मला... आणि मी ते वाक्य मधेच तोडलं. आपण सगळ्यांनी तोडलं. मैदान तर गेलं, ते आता कोण परत देणार? पण ते वाक्य पुरं होईपर्यंत मी या घरात घास घेणार नाही. आज नाही झालं तर उद्या संध्याकाळी, नाहीतर परवा. दादा, तू सावकाश बोल. अप्पा, तुम्ही ऐका. मी इथंच बसलेय.”